फ्यूज शाबूत होता

तीर्थस्वरूप दाजी,

नमस्कार. तुमची प्रकृती, ताईचे गुडघे आणि गच्चीवरची टोमॅटोची रोपं, या तिन्हींची चौकशी मला करायची आहे; पण त्याआधी एक विचारतो. बॅटरीची काळी वायर सोडलीत का? परवा रविवारी फोनवर मी एवढंच बोललो की गाडी चालू करू नका, दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीच्या काळ्या वायरीचा नट सैल करा, वायर बाजूला घेऊन फडक्यात गुंडाळा, कारण सविस्तर पत्रात. आणि फोन ठेवला. तेव्हापासून ताईचे तीन फोन येऊन गेले. मी एकही उचलला नाही. ताईला मी जन्मापासून ओळखतो. मी दुसऱ्या वाक्याला पोचायच्या आत ती विचारणार, 'म्हणजे चूक कोणाची?' आणि माझं उत्तर साधारण अकराव्या वाक्याला सुरू होतं. म्हणून पत्र. वायर सोडली नसेल तर हे पान पालथं ठेवा, खाली जा, सोडून या. मी थांबतो.

आलात? आता सांगा, प्रकृती कशी आहे?

माझी विचाराल तर मी ठणठणीत आहे, फक्त धक्क्यात आहे. बारा व्होल्टने माणसाला धक्का बसत नाही, असं मी गेली तीस वर्षं भेटेल त्याला सांगत आलो. ते विधान मी मागे घेतो. रविवारपासून मला जेवताना मधेच घास हातात धरून बसायची सवय लागली आहे. ही विचारते काय झालं, मी म्हणतो काही नाही, आणि घास खाली ठेवतो. कारण मला एकच दिसत असतं: पुढच्या गुरुवारी तुम्ही दोघं नव्या नातीचं तोंड बघायला सहाशे किलोमीटर निघणार, आणि ज्या गाडीने निघणार तिच्यात पुढच्या बॅटरीपासून मागच्या डिकीपर्यंत मी माझ्या हाताने घातलेली लाल वायर आहे. ती वायर बदलल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाता कामा नये. पत्राचा मुद्दा एवढाच. बाकी सगळं त्याचं कारण आहे, आणि कारण न सांगता नुसता मुद्दा सांगून मोकळं होणं मला या जन्मी जमलेलं नाही.

मी कोणाकडे शिकलो नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच (ठाऊक नाही असा माणूस आपल्या नात्यात उरलेला नाही, याची काळजी मी घेतली आहे). पोटासाठी चष्म्याच्या काचा घासतो. पाव नंबरचा फरक मला यंत्राआधी बोटाला कळतो. वीज मात्र मी खोक्यांबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकांवरून शिकलो. लोक खोकं उघडतात, वस्तू काढतात आणि पत्रक फेकून देतात. मी वस्तू बाजूला ठेवून पत्रक काढतो. माझ्याकडे आज दोनशे चौदा पत्रकं आहेत. त्यांतली एकोणतीस मला येत नसलेल्या भाषांत आहेत, तरी नुसत्या आकृत्या बघून मी त्यांच्यातल्या दोन चुका काढल्या आहेत. साहजिकच माझ्या गाडीत गाण्यांसाठी ॲम्प्लिफायर बसवायचा ठरला तेव्हा मी त्याचंही पत्रक तीनदा वाचलं. त्यात सहाव्या पानावर असं वाक्य आहे की मुख्य फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत बसवावा. दाजी, हे वाक्य माझ्या नजरेतून सुटलं असं समजू नका. सुटलं नाही. मी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली, समासात 'अनावश्यक' असं लिहिलं आणि तारीख घातली.

माझा तर्क असा होता. गाडीत महाग वस्तू कोणती? ॲम्प्लिफायर. मग पहारेकरी कुठे उभा करायचा? महाग वस्तूच्या शेजारी. शिवाय बॉनेटखाली धूळ, तेल, उष्णता. तिथे फ्यूज ठेवणं म्हणजे घड्याळ भट्टीत टांगणं. म्हणून मी फ्यूज डिकीत ठेवला, ॲम्प्लिफायरपासून चार बोटांवर. मापही हवेत काढलं नाही. खोक्यावर हजार वॅट लिहिलेलं, हजाराला बाराने भागलं, त्र्याऐंशी पूर्णांक तेहतीस शतांश आले (तेहतीस शतांश मी सोडत नसतो), त्यावरचा बाजारात मिळणारा आकडा शंभर. तेव्हा शंभर अँपिअरचा फ्यूज. त्याला पारदर्शक झाकण, झाकणावर छोटा दिवा, आणि खाली लेबल: 'मुख्य फ्यूज, शंभर अँपिअर, तपासला', त्याखाली माझी पूर्ण सही. डिकी उघडली की दिवा लागायचा आणि फ्यूज दिसायचा. घरी कोणी आलं की पाणी देण्याआधी मी त्यांना डिकी दाखवत असे. तुम्हीही पाहिला आहे. तुम्ही 'वा' म्हणाला होतात. ते 'वा' आता मला झोपू देत नाही.

रविवारी सकाळी आम्ही दुकानासाठी आरसा घेऊन येत होतो. (आमची नंबर तपासायची खोली अपुरी आहे, म्हणून अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाला आरशात दाखवावा लागतो. आधीचा आरसा तडकला. कोणामुळे, ते इथे अप्रस्तुत.) साडेतीन फुटी आरसा डिकीत मावेना, कारण डिकीत ॲम्प्लिफायर, स्पीकरचं खोकं आणि फ्यूजचं प्रदर्शन. तेव्हा हिने पुढची सीट मागे सरकवली, अगदी शेवटच्या खाचेपर्यंत, आणि आरसा गुडघ्यांसमोर उभा धरून बसली. आरशाची खालची कड तिच्या पायांशी, वरची छताला. आता इथे एक तपशील. लाल वायर मी त्याच सीटच्या रुळाखालून मागे नेली होती, आणि सीट पुढेमागे सरकवून, वायर कुठे चेपत नाही ना हे एकेक खाच तपासून पाहिलं होतं. पाच खाचा तपासल्या. सीटला सहा खाचा आहेत.

चौथ्या की पाचव्या गतिरोधकाला ही म्हणाली, जळल्याचा वास येतोय. मी म्हणालो, बाहेरचा आहे. पुढच्या चौकात ती म्हणाली, बाहेरचा आहे तर आपल्याबरोबर कशाला येतोय? (प्रश्न चांगला होता, हे मी आता मान्य करतो.) मी म्हणालो, समोर ट्रक आहे ना, त्याचा. ट्रक डावीकडे वळून गेला, वास वळला नाही. मग ती म्हणाली, पोटरीला गरम लागतंय. तेव्हा मात्र मी पंक्चरच्या एका दुकानासमोर गाडी कडेला घेतली, किल्ली काढली (वीज बंद झाली, असं मला वाटलं, ती वायर थेट बॅटरीवरून येते, तिला किल्लीशी काही देणंघेणं नसतं, हे मला माहीत असूनही वाटलं), आणि घाई न करता मागे जाऊन डिकी उघडली. दिवा लागला. फ्यूज शाबूत होता.

दाजी, हा क्षण मला नीट सांगायला हवा, कारण तो मी रोज जेवताना बघतो. धूर पुढून येत होता, मी मागे उभा होतो, आणि मला समाधान वाटत होतं. खरं समाधान. बिघाड असता तर फ्यूज उडाला असता. फ्यूज उडालेला नाही. म्हणजे बिघाड नाही. इतका शुद्ध तर्क मी आयुष्यात केला नसेल. मी मागूनच हिला ओरडून सांगितलं, 'काही झालेलं नाही, फ्यूज शाबूत आहे.' ती आरशामागून म्हणाली, 'मग फ्यूजला म्हणावं, इकडे माझ्या जागी येऊन बस.'

मग मी पुढे येऊन पाहिलं. सीटखालच्या गालिच्यातून पांढरा धूर, आणि धुरात एक तांबूस रेघ. बॅटरी सोडायला दहाचा पाना हवा. पाना माझ्याकडे आहे. एकाच संचातले चौदा पाने आहेत, मापाप्रमाणे कापडी गुंडाळीत, प्रत्येकाला खिसा, खिशावर आकडा. गुंडाळी डिकीत स्पीकरच्या खोक्याखाली. खोकं वाजू नये म्हणून सहा स्क्रूंनी पक्कं केलेलं. आणि ते स्क्रू काढायचा पेचकस त्याच गुंडाळीत, शेवटच्या खिशात. ही व्यवस्था मी दोन दिवस विचार करून लावली होती.

मग मी वायर सीटखालून बाजूला केली. (त्यात सांगण्यासारखं काही नाही.) तेवढ्यात पंक्चरवाला मोठी कातर घेऊन धावत आला, मला न विचारता बॉनेट उघडून बॅटरीजवळ लाल वायर कापली, आणि ट्यूब बुडवून बघायच्या टबातलं काळं पाणी बादलीने गालिच्यावर ओतलं. मी त्याला म्हणालो की विजेच्या आगीवर पाणी टाकू नये. तो म्हणाला, 'वीज मघाशीच कापली, काका. आता नुसता गालिचाच राहिलाय.' आरशाला ओरखडाही नाही. हिने उतरल्यावर आधी तो दुकानाच्या भिंतीला टेकवून उभा केला. त्यामुळे गाडी ओढून नेणारा येईपर्यंतचा पाऊण तास मला रस्त्यावर उभं राहून स्वतःकडे बघावं लागलं.

गाडी ज्या गॅरेजात गेली तिथल्या वायरिंगचं सगळं काम एक बाई बघते. साठीची असेल. तिला सगळे फोरमन म्हणतात, गाड्या आणणारेसुद्धा. चष्मा दोरीने गळ्यात (जवळचा नंबर अर्ध्याने कमी पडतोय, मी पहिल्या मिनिटाला ओळखलं, पण बोलायची ती वेळ नव्हती). तिने गालिचा वर केला, वायरीचा कोळसा बोटाने चाचपला आणि विचारलं, बसवलं कोणी? मी म्हणालो, मी. शिकलात कुठे? मी म्हणालो, स्वतःच, कोणाकडे नाही. ती म्हणाली, 'ते कळलं. मी विचारलं, शिकलात कुठे.' इतक्या वर्षांत हे वाक्य मी इतक्या अभिमानाने इतक्या लोकांना सांगितलं, त्यावर असा उलट प्रश्न कोणी केला नव्हता. मग तिने फ्यूज कुठे आहे विचारलं. मला बरं वाटलं. मी तिला मागे नेलं, डिकी उघडली. दिवा आता लागणार नव्हता, म्हणून मी टॉर्च धरला. तिने फ्यूज पाहिला, लेबल वाचलं, सही वाचली, चष्मा काढून पदराने पुसला, आणि सही पुन्हा वाचली.

'हा कोणाला वाचवतो?' तिने विचारलं. मी म्हणालो, ॲम्प्लिफायरला. तिने ॲम्प्लिफायर फिरवून त्याची पाठ दाखवली. पाठीवर वीस-वीस अँपिअरचे दोन फ्यूज, कारखान्यातून बसवून आलेले. 'त्याचं तो बघतो. वायरीचं कोण बघतं?'

हा पहिला धक्का. फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी नसतोच, दाजी. तो वायरीसाठी असतो. बॅटरी म्हणजे टाकी. तिच्यातून निघालेली वायर वाटेत कुठेही चेपली, सोलली, गाडीच्या पत्र्याला लागली, की सगळी टाकी तिथेच रिकामी होऊ बघते. ते थांबवायचं तर झडप टाकीच्या तोंडाशी हवी. मी झडप घराच्या आतल्या नळाला लावली होती आणि रस्त्यातला पाइप फुटल्यावर घरात येऊन बघत होतो की नळ नीट बंद आहे ना. साडेचार मीटर वायर गाडीभर निराधार धावत होती, आणि तिच्या शेवटच्या चार बोटांवर माझा पहारेकरी दिवा लावून बसला होता. तो उडणार कसा? त्याच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं.

दुसरा धक्का मला अजून पचलेला नाही. फोरमनने वायरीचा न जळलेला तुकडा घेऊन पात्याने त्याचं लाल कातडं सोललं. कातडं सोलतच गेलं. आत जे निघालं ते पेन्सिलीच्या शिशाहून फार जाड नव्हतं. त्यावर तिने पातं खरवडलं, तर तांबूस रंग निघून खाली पांढरं. ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा नुसता मुलामा. मी म्हणालो, शक्य नाही, मी घेताना मापली आहे. ती म्हणाली, कशाने? मी म्हणालो, दुकानातल्या काचा मापायच्या कॅलिपरने, मिलिमीटरच्या शतांशापर्यंत, तीन ठिकाणी, आणि सरासरी काढली. कुठून मापली? कातड्यावरून, दाजी. लोकरी कोट घातलेल्या माणसाचं वजन करून तो धष्टपुष्ट आहे असा दाखला मी दिला, आणि दशांश चिन्हानंतर दोन आकडे लिहून दिला. पाव नंबर बोटाने ओळखणारा मी.

मग तिने मला हिशेब शिकवला, आणि मी तो तिच्या गॅरेजात उभ्याउभ्या हिच्या पाकिटातल्या पावतीमागे हिच्याकडून लिहून घेतला. आधी वायर बघायची: खरं तांबं किती, लांबी किती, ती किती अँपिअर सोसते. फ्यूज त्याहून मोठा असता कामा नये. मग ॲम्प्लिफायर खरोखर किती ओढतो ते बघायचं. फ्यूज त्याहून लहान असून चालणार नाही, नाहीतर दर गाण्याला उडेल. दोन्हींच्या मधे फ्यूज बसत नसेल तर वायर जाड घ्यायची. फ्यूज वाढवायचा नाही. हे 'नाही' तिने दोनदा म्हटलं. आणि ॲम्प्लिफायर किती ओढतो ते त्याच्या पाठीवरचे फ्यूज सांगतात, वीस आणि वीस चाळीस. मी खोक्यावरच्या हजार वॅटचं काय विचारलं. ती म्हणाली, 'तो आकडा खोक्याचा आहे. खोकं गाडीत बसवलंय का?'

इथवर मी उभा होतो. इथे मी बसलो, एका जुन्या टायरवर, आणि अब्रू राखायला मला तुमची गाडी आठवली. मी म्हणालो, 'पण माझ्या दाजींच्या गाडीत असाच ॲम्प्लिफायर आहे, आणि त्याचा पहारेकरी मी बॅटरीजवळच लावला आहे.' हे खरं आहे. तुम्हाला वाकून फ्यूज बदलायला नको म्हणून मी तुम्हाला ब्रेकर बसवून दिला होता, उडाला की बटण दाबायचं आणि पुन्हा चालू. आणि तो बॉनेटखाली होता तो केवळ तुमच्या डिकीत ताईच्या घडीच्या खुर्च्या असतात म्हणून. फोरमनने पहिल्यांदा मान डोलवली. मला वाटलं, चला, एक तरी गाडी उत्तीर्ण झाली. त्या भरात मी तिला पुढचं सगळं सांगितलं. की ब्रेकर आधी साठचा होता. तो चढणीला उडायचा. ताई उतरून विणायच्या सुईने बटण दाबायची, आणि तिने मोजलं होतं, सत्तावीस वेळा. की मी ऐंशीचा पाठवला, तोही उडायला लागला. की मग मी हयगय न करता दीडशेचा पाठवला, तुमच्या इलेक्ट्रिशियनने तो बदलून दिला, आणि तेव्हापासून एकदाही उडालेला नाही. फोरमनने विचारलं, वायर हीच? मी म्हणालो, हो, त्याच गुंडाळ्यातली. तिने हातातला वायरीचा तुकडा खाली ठेवला. मग म्हणाली, 'बहिणीशी पटत नाही का तुमचं?'

दाजी, तो ब्रेकर सत्तावीस वेळा सांगत होता. वायर तापतेय, वायर तापतेय, चढणीला इंजिनाची धग मिळाली की सोसवत नाही. ताई सुई घेऊन त्याचं तोंड दाबत होती, ते मी सांगितलं म्हणून. आणि तरी तो गप्प बसेना, तेव्हा मी त्याला काढून त्याच्या जागी एक बहिरा आणि मुका बसवला, आणि तुम्हाला फोनवर म्हणालो, 'झालं ना काम?' आणि तुम्ही म्हणालात, 'तुझ्या हाताला यश आहे.' मी त्या टायरवरूनच तुम्हाला फोन केला. जे बोललो त्याहून जास्त बोलता आलं नाही. तुटकपणाबद्दल राग मानू नका.

आता पुढचं. मी येत्या रविवारी सकाळी तुमच्याकडे येतो आहे. सोबत आणतो: अस्सल तांब्याची वायर (सोलून, खरवडून, कातड्याखालून मापलेली), बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसेल असं फ्यूजचं घर, पन्नास अँपिअरचे चार फ्यूज, पत्र्यातून वायर जिथे आत शिरते तिथे घालायचं रबरी कडं, आणि वायरीवर चढवायची नळी. रुळाखालून वायर जाणार नाही. दाराच्या उंबऱ्याकडेने जाईल, जिथे काहीच सरकत नाही. ब्रेकर वाईट नसतो, असं फोरमन म्हणते. चांगला घ्यावा, इंजिनाच्या धगीपासून लांब लावावा, आणि उडाला तर बटणाआधी कारण शोधावं. पण आपल्या घरात बटण दिसलं की दाबतात. म्हणून तुम्हाला फ्यूज. फ्यूज पुन्हा दाबता येत नाही, हाच त्याचा गुण. काम मी स्वतः जातीने करणार आहे, त्याबद्दल मनात किंतु आणू नका. गुरुवारी तुम्ही निर्धास्त निघाल, आणि नातीकडे पोचल्यावर मला एक फोन करा. वाटेतही करा. प्रत्येक चढणीनंतर केलात तरी मी उचलेन.

ताईला माझा नमस्कार सांगा, आणि ती शांत असेल अशी वेळ बघून सांगा. नातीला आशीर्वाद. तिला या प्रकरणातलं काही कळत नाही, एवढीच या घडीला घराण्याची जमेची बाजू.

अंगणात गालिचा वाळत घालून बसलेला,
तुमचा मेहुणा

ता.क. फोरमनने माझा डिकीतला फ्यूज झाकण, दिवा आणि लेबलासकट मागून घेतला. गॅरेजात गिऱ्हाइकांना दाखवायला टांगणार आहे. मी दिला. सही खोडू का, असं विचारलं. ती म्हणाली, सहीमुळेच तर न्यायचाय. तुमचा दीडशेचा ब्रेकरही जपून ठेवा, तोही तिला हवा आहे.

ता.क. २. ताईने चूक कोणाची असं विचारलंच, तर वायर विकणाऱ्याची असं सांगायला माझी हरकत नाही. ते खोटं ठरणार नाही. मी हिशेब केला आहे. साधारण एक तृतीयांश खरं आहे. बाकीचे दोन तृतीयांश मी आल्यावर समक्ष सांगेन.

ता.क. ३. दाजी, हा ता.क. माझा. अक्षर माझं आहे हे तुम्ही पहिल्याच ओळीला ओळखलं असेल. सगळं पत्र यांनी फेऱ्या मारत सांगितलं आणि मी लिहिलं, कारण यांचा उजवा हात मनगटापर्यंत पट्टीत आहे. ते पत्रात लिहायचं नाही म्हणून यांनी मला बजावलंय. दुपारचे जरा पडलेत, तेवढ्यात लिहिते. वर 'वायर बाजूला केली' असं एका ओळीत आहे ना, ती वायर लाल झालेली होती. आरसा माझ्या आणि डॅशबोर्डच्या मधे अडकला होता, मला दाराकडे वळताच येत नव्हतं. यांनी गुडघ्यावर बसून सीटखाली हात घातला आणि नुसत्या हाताने ती रुळातून ओढली. एकदा हातातून सुटली. पुन्हा धरली. मग निघाली. यांनी जन्मात केलेल्या प्रत्येक कामाची हकिगत मी निदान दहा वेळा ऐकली आहे, या एकाची सोडून. विचारलं तर म्हणतात, चूक निस्तरली, त्यात काय सांगायचं. डॉक्टर म्हणाले तीन आठवडे लागतील, पण बोटं शाबूत राहतील, काचा घासता येतील. ताईंना हे सांगा. बाकी काही सांगितलं नाहीत तरी चालेल. (वायरीच्या लांबीने व्होल्टेज किती घटतं यावर यांनी अडीच पानं सांगितली, ती मी गाळली आहेत. यांना वाटतंय ती आत आहेत. तुम्हाला आवडली असं रविवारी म्हणा.)

आता एक विनंती, आणि खरं तर तेवढ्यासाठीच मी पाकीट अजून चिकटवलं नाही. रविवारी हे येतील, पण यांच्याने पाना धरवणार नाही. काम तुमच्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. सामान सगळं फोरमनने स्वतः निवडून बांधून दिलंय, काळजी नाही. फक्त बॉनेटजवळ सावलीत यांच्यासाठी एक खुर्ची ठेवा. आणि त्या इलेक्ट्रिशियनला आधीच बाजूला घेऊन सांगून ठेवा, फ्यूज बसवायच्या वेळी यांच्याकडे बघून एकदा विचारायचं, 'काका, पन्नासचाच ना?' हे 'हं' म्हणतील. मग बसवायचा.